लानाईची राजकन्या

शाळेच्या मैदानावर मे डेचा कार्यक्रम होता आणि घडीच्या खुर्च्यांच्या रांगेत माझ्या शेजारी एक टूटू बसल्या होत्या. होनोलुलूत कुणाचीही आजी ही टूटूच. अंगात काळा, मोठ्या फुलांचा मूमू, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, मांडीवर हिरव्या पानांत गुंडाळलेला हार. सुरुवातीला अमेरिकेचं राष्ट्रगीत लागलं. सगळं मैदान उभं राहिलं, टोप्या निघाल्या, हात छातीवर गेले. टूटू बसून राहिल्या. त्यांनी शांतपणे पानांची गुंडाळी सोडली आणि हारातली फुलं एकसारखी करायला घेतली. मग ‘हवाई पोनोई’ सुरू झालं, कालाकाउआ राजाने लिहिलेलं, एके काळचं राष्ट्रगीत आणि आताचं राज्यगीत. टूटू पुढच्या खुर्चीची पाठ धरून उठल्या आणि शेवटच्या ओळीपर्यंत खणखणीत आवाजात गायल्या. इथवर सगळं समजण्यासारखं होतं. पुढे शंख फुंकला गेला, एकेका बेटाची राजकन्या गवतावरून चालत यायला लागली आणि नारिंगी पोशाखातली लानाई बेटाची राजकन्या, म्हणजे माझी लेक, आमच्या रांगेपाशी आली, तेव्हा या बाई पुन्हा उठून उभ्या राहिल्या. ती पुढे जाईपर्यंत उभ्याच. मग खाली बसून मला म्हणाल्या, “तुमची ना? छान चालते.”

देशाच्या झेंड्यासाठी जी बाई उठली नाही, ती साताऱ्याकडच्या एका पोरीसाठी का उठली, हे मला काही केल्या उलगडेना.

दरबार भरवणं ही इथल्या शाळांमधली जुनी रीत. सहावीच्या मुलांतून एक राजा, एक राणी आणि आठ बेटांचे राजपुत्र-राजकन्या निवडतात. प्रत्येक बेटाचा रंग ठरलेला, फूल ठरलेलं. हवाई बेटाचा लाल आणि लेहुआ, ओआहूचा पिवळा आणि इलिमा, माउईचा गुलाबी, मोलोकाईचा हिरवा. नीइहाऊला फूलच नाही, समुद्रकाठच्या बारीक शंखशिंपल्यांच्या माळा. लानाईच्या वाट्याला नारिंगी रंग आणि कौनाओआ. ही कौनाओआ आहे तरी कशी म्हणून फोटो पाहिले आणि मला हसूच फुटलं. ती आपली अमरवेल निघाली! अगदी तीच जात नव्हे, पण सख्खी बहीण. पान नाही, मूळ नाही, नुसते पिवळट-नारिंगी दोरे. गावाकडे बोरीवर अमरवेल चढली की आजी काठीने ओरबाडून काढायची, झाड खाऊन टाकते म्हणून. इथे ती समुद्राकाठच्या वेलींवर पसरते आणि तिचे दोरे पिळून राजकन्येच्या गळ्यात घालतात. दुसऱ्याच्या जिवावर वाढणारी वेल नेमकी आपल्याच घरी आली, अशी नवऱ्याने थट्टा केली. मी हसले, पण ती थट्टा जरा लागलीच. खरी कौनाओआ कुठून आणणार? वर्गातल्या एका आंटीने सांगितलं, नारिंगी लोकर पिळा, लांबून कळत नाही. तसंच केलं.

आदल्या संध्याकाळी शाळेच्या कॅन्टीनमध्ये हार ओवायला बसलो. टेबलांवर चाफ्याच्या फुलांच्या पिशव्या, बादलीत ओल्या टॉवेलखाली झाकलेला मोगरा आणि एका ट्रेमध्ये, मला आधी खरंच वाटेना, रुई! जांभळट पांढरी, मेणात ओतल्यासारखी. इथे पाकळ्या खुडून टाकतात आणि मधला कोरीव मुकुट तेवढा ओवतात. सुई वीतभरापेक्षा लांब, फूल मधोमध टोचायचं, पाच-सहा झाली की दोऱ्यावर सरकवायचं. चीक बोटांना लागतो, डोळ्याला हात लावू नका, असं शेजारची आंटी बजावत होती. मला कुणी सांगायची गरज नव्हती. दर शनिवारी मारुतीच्या देवळाबाहेर रुईच्या माळा बघतच वाढले. हवाईची शेवटची राणी लिलिउओकलानी हिचं हे आवडतं फूल. मोगऱ्याला इथे पीकाके म्हणतात, मोरावरून. तिची भाची कायुलानी राजकन्या वाइकीकीच्या वाड्यात मोर पाळायची आणि तिला मोर आणि मोगरा दोन्ही प्रिय, म्हणून. म्हणजे ज्या फुलांना मी इथल्या राजघराण्याची म्हणून भक्तिभावाने हात लावत होते, ती बहुतेक बाहेरूनच आलेली. चाफासुद्धा १८६० च्या सुमारास एका जर्मन डॉक्टरने आणला. टेबलाभोवतीच्या आम्हा बायकांचंही तेच. एकीचे आजोबा फिलिपिन्सहून आलेले, एकीची पणजी जपानहून, दोघी अर्ध्या हवाईयन-अर्ध्या चिनी आणि मी. बोलणं मात्र सगळं गोंद कुठला चांगला आणि राजाच्या झुलीला अस्तर कोण लावणार याबद्दल.

झूल पिवळ्या सॅटिनची होती, वर लाल फेल्टचे त्रिकोण. बिशप म्युझियममध्ये हवाईच्या पहिल्या राजाची, पहिल्या कामेहामेहाची, खरी झूल आहे, मामो नावाच्या पक्ष्याच्या पिवळ्या पिसांची, सुमारे साडेचार लाख पिसं. काळ्या पक्ष्याच्या अंगावर पिवळी पिसं मोजकीच असायची. मामो आता जगात एकही उरलेला नाही. ती झूल बघून आलेल्या माणसाला सॅटिनवरचे त्रिकोण बघवत नाहीत, असं मी त्या संध्याकाळी मनात म्हणाले होते, हे लिहून टाकते. त्या वेळी माझ्या मनात बराच कडवटपणा होता.

कारण मे डेचा इतिहास मी वाचला होता. १ मे म्हणजे आमच्या घरी महाराष्ट्र दिन. सकाळी लवकर व्हिडिओ कॉल, पलीकडे संध्याकाळही सरून रात्र झालेली. इथे तोच दिवस लेई डे, म्हणजे हारांचा दिवस. सुरुवात १९२७-२८ मधली. होनोलुलूच्या वर्तमानपत्रात लिहिणारा डॉन ब्लँडिंग नावाचा मूळचा ओक्लाहोमाचा कवी, त्याच्या डोक्यातली ही कल्पना: सगळ्यांनी एक दिवस फुलांचे हार घालावेत. पुढच्याच वर्षी हारांची राणीही निवडली गेली. छान आहे. पण तारखा शेजारी शेजारी मांडल्या की छान वाटेनासं होतं. १८९३ च्या जानेवारीत साखरवाल्या गोऱ्या मंडळींनी, बंदरातल्या अमेरिकन युद्धनौकेवरून उतरलेल्या सैनिकांच्या आधाराने, खऱ्या राणीला पदच्युत केलं. १८९६ मध्ये कायदा आला की शाळांत शिक्षणाचं माध्यम इंग्रजीच. पोरांना हवाईयन बोलल्याबद्दल शिक्षा व्हायच्या. १८९८ मध्ये बेटं अमेरिकेने घेऊन टाकली. आणि तीस वर्षांनी त्याच राज्यकर्त्यांच्या शहरात फुलांची राणी, पुढे त्याच शाळांच्या मैदानांवर कागदी मुकुटांचे दरबार. खरी राणी नको, नाटकातली चालेल! १९४६ मध्ये सुरू झालेल्या अलोहा वीकचीही तीच गत. पर्यटक कमी असतात त्या शरद ऋतूत गर्दी खेचायला मिरवणूक आणि राजदरबार. सगळा देखावा, असं माझं मत पक्कं झालं होतं.

ते ढिलं व्हायला लागलं इओलानी पॅलेसमध्ये.

तिथे आत जाताना चपलांवर कापडी मोजे चढवावे लागतात, जमीन जपायला. त्यामुळे सगळे पर्यटक एकदम मुकाट आणि घसरत घसरत चालतात. कालाकाउआने १८८२ मध्ये बांधून पुरा केलेला हा वाडा. व्हाइट हाउसच्या आधी इथे विजेचे दिवे लागले होते, हे प्रत्येक मार्गदर्शक सांगतोच आणि सांगताना हनुवटी जरा वर करतो. वरच्या मजल्यावर कोपऱ्यातली एक खोली जवळपास रिकामी आहे. १८९५ मध्ये राणीच्या बाजूने उठाव झाला, फसला, आणि तिच्यावर तिच्याच सिंहासनाच्या दालनात खटला चालवून तिला या खोलीत जवळजवळ आठ महिने कोंडलं. वर्तमानपत्र द्यायला बंदी. मग तिच्या बागेतली फुलं यायची ती वर्तमानपत्रात गुंडाळून. फुलं फुलदाणीत, कागद वाचायला. त्या खोलीत काचेखाली तिने आणि सोबतच्या बाईने शिवलेली गोधडी ठेवली आहे. रेशमाचे वेडेवाकडे तुकडे, फिती, मधोमध झेंडे आणि तारखा भरतकामात. कैदेची तारीख टाक्यांत लिहून ठेवायची हे मला फार बाईपणाचं आणि फार हुशारीचं वाटलं. गोधडी कोण जप्त करणार?

पण मला जास्त धरून ठेवलं ते खुर्च्या-टेबलांनी. राज्य गेल्यावर नव्या सरकारने वाड्यातलं सामान लिलावात विकून टाकलं. वाडा आधी सरकारी कचेरी, मग विधानभवन, थेट १९६९ पर्यंत. त्याच्या थोडं आधी, १९६६ मध्ये, राजघराण्यातल्याच एका बाईंनी पुढाकार घेऊन मित्रमंडळ स्थापन केलं आणि मंडळींनी गेलेलं सामान शोधायला सुरुवात केली. कुणाच्या दिवाणखान्यातून, कुणाच्या माळ्यावरून, अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाहून एकेक खुर्ची, एकेक पेला परत. १९७८ मध्ये वाडा लोकांसाठी उघडला तरी शोध थांबला नाही. काही दालनं अजून मोकळी आहेत. नकली वस्तू मांडून ती भरता आली असती, त्यांनी भरली नाहीत. बाहेर हिरवळीवर कालाकाउआच्या राज्याभिषेकासाठी बांधलेला आठकोनी मंडप आहे. त्यात आता रॉयल हवाईयन बँड दुपारच्या वेळी फुकट वाजवतो. बँड १८३६ पासूनचा. आजूबाजूच्या कचेऱ्यांतले लोक गवतावर बसून डबा खात ऐकतात आणि शेवटच्या गाण्याला तोंडातला घास गिळून उभे राहतात.

हा कालाकाउआ एकदा मुंबईला येऊन गेलाय, हे इथल्या लोकांना सांगितलं की त्यांना गंमत वाटते, आणि आपल्या लोकांना सांगितलं की खोटं वाटतं. १८८१ मध्ये तो जगप्रदक्षिणेला निघाला. राज्यावर असताना पृथ्वीला फेरी मारणारा तो पहिलाच राजा. जपान, चीन, सयाम, ब्रह्मदेश करत कलकत्ता, आणि तिथून रेल्वेने मुंबई. त्या काळी कलकत्ता-मुंबई गाडी जबलपूर-भुसावळवरून येऊन थळ घाट उतरायची. उन्हाळा सरत आलेला, डब्यात धूळ, आणि खिडकीशी पॅसिफिकमधला एक राजा. तो आला होता बरंचसं मजुरांच्या शोधात. गोऱ्यांनी आणलेल्या रोगांनी त्याची प्रजा मरत होती आणि उसाच्या मळ्यांना माणसं हवी होती. इंग्रजांशी त्याचं जमलं असतं तर फिजीसारखी इथेही चार-पाच पिढ्यांची हिंदुस्थानी वस्ती असती आणि मी आंटींच्या टेबलावर नवखी ठरले नसते.

परत आल्यावर, १८८३ मध्ये, त्याने स्वतःला थाटात राज्याभिषेक करवून घेतला. गादीवर येऊन नऊ वर्षं झाल्यावर! उधळपट्टी म्हणून विरोधकांनी झोडपलं. पण त्या समारंभात त्याने हूला नाचवला, उघड्यावर, दिवसा. ख्रिस्ती झालेल्या काआहुमानू राणीने १८३० मध्ये जाहीर हूलावर बंदी घातल्यापासून तो नाच खेड्यापाड्यांत, घरांच्या मागच्या अंगणात लपून राहिला होता. गावोगावचे म्हातारे गुरू शिष्यांना घेऊन वाड्यापुढे आले. कोणते हूला होणार याची छापील पत्रिका निघाली, तर ती छापल्याबद्दल अश्लीलतेचा खटला भरला गेला. आपल्याकडे तमाशाच्या वाट्याला जे आलं ते ज्यांनी वाचलंय, त्यांना या बातमीत नवल वाटणार नाही. मला मात्र त्यातून एक गोष्ट उमगली: समारंभ हा या माणसांचा फावल्या वेळचा उद्योग कधीच नव्हता. तोफा नसलेल्या राजाकडे देश दाखवायला समारंभच होता.

‘मेरी मोनार्क’, म्हणजे आनंदी राजा, या त्याच्या टोपणनावाने हवाई बेटावरच्या हिलो गावात दर वर्षी ईस्टरच्या आठवड्यात उत्सव भरतो. टीव्हीवर तीन रात्री अख्खं राज्य ते बघतं. आमच्या इमारतीत लिफ्टमध्येही त्याच गप्पा असतात, कोणत्या हालाऊचं, म्हणजे हूलाच्या शाळेचं, काहिको कसं झालं, कुणाचे गुण उगाच कापले. काहिको म्हणजे जुना, ढोल आणि मंत्रांवरचा नाच. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा पायांनीच थक्क झाले. वीस-पंचवीस बायका गुडघे वाकवून जमिनीवर एकदम पाय टाकतात, टीव्हीचा आवाज कमी असला तरी तो ठोका छातीत बसतो. पण या उत्सवाची सुरुवात बघा. १९६० च्या त्सुनामीने हिलो धुऊन नेलं होतं, धंदे बसले होते, म्हणून गिऱ्हाईक आणण्यासाठी १९६४ मध्ये उत्सव काढला. त्यात काय, तर कालाकाउआसारखी दाढी कोणाची याची स्पर्धा! चार वर्षांत लोकांचा उत्साह मावळला. मग डॉटी थॉम्पसन नावाच्या बाईंनी आणि जॉर्ज नाओपे या हूलागुरूंनी तो हातात घेतला आणि १९७१ पासून हूलाची स्पर्धा लावली. आता त्या स्पर्धेसाठी मुलं-मुली वर्षभर घाम गाळतात, जुने मंत्र अर्थासकट पाठ करतात, डोंगरात जाऊन आपल्या हाराची पानं मागून-सवरून खुडून आणतात. दाढीची स्पर्धा कुठल्या कुठे गेली.

तेव्हा सॅटिनच्या झुलीबद्दलचं माझं मत मला बदलावं लागलं, पूर्ण नाही, पण बरंचसं. देखावा कुणी का सुरू केलेला असेना. त्यात नाच शिकवायला, मंत्र म्हणायला माणूस लागतो, आणि तो माणूस प्रत्येक वेळी गावातलाच निघाला. शाळेत भाषा बंद होती तेव्हाही मे डेच्या तालमीला कुणाची तरी मावशी बोलावली जायची आणि ती गाणं हवाईयनमध्येच शिकवायची. इंग्रजीतून हूला कसा शिकवणार? १९७८ मध्ये हवाईयन पुन्हा राजभाषा झाली, १९८४ मध्ये त्या भाषेच्या बालवाड्या निघाल्या, तेव्हा हाताशी जे काही शिल्लक होतं त्यातलं पुष्कळ या ‘देखाव्यां’मधून आलेलं होतं.

जूनमध्ये कामेहामेहा दिनाची मिरवणूक असते. सुट्टी १८७१ ची, पाचव्या कामेहामेहा राजाने आपल्या खुद्द आजोबांच्या, पहिल्या कामेहामेहाच्या, स्मरणार्थ जाहीर केलेली, आणि राज्य बुडालं तरी ती बुडाली नाही. आदल्या दिवशी पुतळ्याला हार घालतात, अग्निशमन दलाची शिडी लावून, एकेक हार पुतळ्याच्या पसरलेल्या हातावरून थेट खालपर्यंत. मिरवणुकीत मला आवडतात त्या पाऊ नावाचा घोळदार घागरा घातलेल्या घोडेस्वार बायका. जवळजवळ बारा वार कापड, शिलाई नाही, पिन नाही. कमरेशी कुकुईच्या बिया खोचून निऱ्या अडकवायच्या. नऊवारीवाल्यांना ती कला सांगायला नको. घोड्यांच्या मागे फावडी आणि कचऱ्याच्या ढकलगाड्या घेतलेली मंडळी चालतात, त्यांच्याही गळ्यात फुलं असतात आणि टाळ्या त्यांनाच जास्त पडतात.

त्याच रस्त्यालगत, पॅलेसच्या हिरवळीवर, एकदा छोट्या पाट्या रोवलेल्या पाहिल्या होत्या. प्रत्येकीवर एक नाव, गाव. १८९७ मध्ये विलीनीकरणाविरुद्ध हवाईयन लोकांनी सह्यांचा अर्ज वॉशिंग्टनला नेला होता. २१ हजारांवर सह्या, आणि तेव्हा हवाईयन लोक होते मिळून चाळीसेक हजार. तो अर्ज शंभर वर्षं तिथल्या दफ्तरात पडून राहिला, नव्वदच्या दशकात नोएनोए सिल्वा या अभ्यासक बाईंनी तो उजेडात आणला. घराघरांतून कळलं की आपली पणजी, जी राजकारणाबद्दल चकार शब्द बोलायची नाही, तिने सही केली होती. हिरवळीवर लोक वाकून वाकून नावं वाचत होते, सापडलं की पाटीला हार घालत होते. कुणी रडत होतं, शेजारीच कुणी सेल्फी काढत होतं. दोन्ही एकाच घरातले असावेत.

टूटू माझ्या लेकीसाठी का उठल्या, याचं उत्तर मी त्यांना विचारू शकले असते. कार्यक्रमानंतर त्या समोरच पेपर प्लेटमध्ये नूडल्स खात होत्या. विचारलं नाही, तो प्रश्न विचारण्याइतकी ओळख नव्हती. माझ्यापुरतं मी असं समजते की त्या लानाईसाठी उठल्या. त्या जागेवर कोण चालतंय, कुणाच्या पोटची आहे, हा त्यांचा प्रश्नच नव्हता. बेट चालत आलं, उठायला हवं. पण यात माझी सोय आहे, हेही मला दिसतं. लानाई बेटाचा ९८ टक्के भाग आज एका अब्जाधीशाच्या मालकीचा आहे. नारिंगी लोकर घातलेली परकी मुलगी त्या बेटाची राजकन्या म्हणून मिरवते, याचं कुणाला वाईट वाटत असेल तर त्याला मी चूक म्हणणार नाही.

लेकीने यातलं काही डोक्यात घेतलेलं नाही. तिला हूला शिकायचा होता, म्हणून आता शनिवारी एका कुमूंकडे, म्हणजे हूलागुरूंकडे, जाते. तिथे दारात चपला काढून सरळ आत जाता येत नाही. मुलांनी बाहेर रांगेत उभं राहून आत येऊ का, असं मंत्रातून विचारायचं. आतून कुमूंनी मंत्रानेच ‘या’ म्हटलं तरच पाऊल टाकायचं. परवा गाडीत बसली ती फणफणतच.

“किती वेळ उन्हात उभं केलं माहितीये? आतून उत्तरच नाही.”

“त्या कामात असतील.”

“नाही गं आई, दाराशीच बसल्या होत्या, दिसत होत्या. आम्ही नुसते ओरडत होतो म्हणे. विचारत नव्हतो.”

“मग?”

“मग परत म्हटलं. पाणी दे आधी.”